सांध्यावर बसणारा बोर्ड

निन्टेन्डोच्या १९८९ सालच्या मूळ गेम बॉयचं झाकण उघडलं की मुख्य बोर्डापासून वेगळा असा एक छोटा बोर्ड दिसतो. चार पेन्सिल सेलांचे सहा व्होल्ट सेल उतरतील तसे घटत जातात, आणि त्यांतून कायम पाच व्होल्ट काढून देणं हे या बोर्डाचं मुख्य काम. दुसरं काम सहज नजरेत येत नाही. मूळ हिरवट पडद्याला शाईचा गडदपणा यावा म्हणून तो उणे एकोणीसच्या आसपास व्होल्टेजही तयार करतो. तीसपस्तीस वर्षांनी हे बोर्ड थकतात, शिट्टीसारखा आवाज करू लागतात, आणि हौशी मंडळी त्यांच्या जागी स्वतः आखलेला बोर्ड बसवतात. त्यांतले काही बोर्ड दोन्ही व्होल्टेज देतात. काही फक्त पाच व्होल्ट देतात, कारण ज्या यंत्रात नवा आयपीएस पडदा बसवलाय त्याला उणे व्होल्टेज लागतच नाही. असा बोर्ड आज छान चालतो, सेलही जास्त टिकतात. पण उद्या कुणी मूळ पडदा परत लावायला गेलं तर पडदा कोराच राहील, आणि दोष पडद्याचा की बोर्डाचा हे शोधण्यात त्याचे कितीतरी तास जातील. दोन्ही बोर्ड आखणाऱ्यांचं कौशल्य कदाचित सारखंच असेल. तरी माझ्या मते पहिला बोर्ड चांगला आणि दुसरा अपुरा, आणि असं का, याचा विचार या छंदात पुरेसा झालेला नाही.

तो आता व्हायला हवा, कारण बोर्ड करून घेणं कधी नव्हे इतकं सोपं झालंय. एके काळी तांब्याच्या पत्र्यावर मार्करने रेघा मारायच्या, फेरिक क्लोराइडच्या पिवळ्या पाण्यात पत्रा हलवत बसायचं, मग हाताने भोकं पाडायची, एवढा खटाटोप होता. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळांमधून आपल्याकडच्या कित्येकांनी तो केलेला आहे. दोन्ही बाजूंना ट्रॅक हवे असतील तर एका बाजूची भोकं दुसऱ्या बाजूशी जुळवतानाच निम्मे बोर्ड वाया जायचे. आज किकॅड नावाची पूर्ण मोफत प्रणाली आहे. ज्याँ-पिएर शारा या फ्रेंच प्राध्यापकांनी ती १९९२ मध्ये सुरू केली, आणि २०१३ पासून जिनीव्हाच्या सर्न प्रयोगशाळेने तिच्या विकासाला हातभार लावला. तिच्यात आखलेली फाइल चीनमधल्या एखाद्या कारखान्याकडे पाठवली की दहा सेंटिमीटर चौरसाच्या आतले पाच दुपदरी बोर्ड काही डॉलरांत तयार होतात. टपालखर्च आणि कस्टम ड्युटी बहुधा बोर्डांपेक्षा जास्त पडते. साधे रेझिस्टर, कपॅसिटर, ७४ मालिकेतल्या चिप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत हातोहात मिळतात. म्हणजे साधनांची अडचण संपली. उरला प्रश्न तो, काय आखावं आणि कुठं थांबावं याचा.

माझं म्हणणं असं. जुन्या खेळयंत्रासाठी आखलेला छोटा बोर्ड यंत्राच्या सांध्यावर बसावा, एकच उणीव भरून काढावी, आणि मूळ स्थितीला परत जायची वाट मोकळी ठेवावी. सांधा म्हणजे मूळ कंपनीनेच जिथे यंत्राचे दोन भाग एकमेकांपासून सुटे ठेवले ती जागा. कॅसेट बसते तो खाचा, जॉयस्टिक लावायचं तोंड, वेगळा काढता येणारा वीजपुरवठ्याचा बोर्ड, या सगळ्या अशा जागा. तिथे नवा बोर्ड बसवताना काही कापावं लागत नाही, ट्रॅक खरवडावा लागत नाही, आणि नको वाटला तर काढून ठेवता येतो. हा नियम कुणा सोवळ्या संग्राहकाचा आहे असं वाटू नये, कारण मूळ कंपन्यांनीही तो पाळलेला आहे. निन्टेन्डोच्या जपानमधल्या फॅमिकॉम यंत्राच्या कॅसेटला साठ पिना आणि त्याच्याच अमेरिकेतल्या आवृत्तीच्या, एनईएसच्या कॅसेटला बहात्तर. १९८५ मध्ये अमेरिकेत यंत्र आणताना ‘जायरोमाइट’ या खेळाच्या काही कॅसेटमध्ये निन्टेन्डोने जपानी साठ पिनांचा बोर्ड तसाच ठेवला आणि त्याला बहात्तर पिनांशी जोडणारा एक छोटा बोर्ड आत बसवून दिला. साठ-बहात्तरचा जोडबोर्ड आज हौशी लोक आखतात. पहिला मात्र निन्टेन्डोच्या कारखान्यातून बाहेर पडला होता.

सांध्यावर काम करायचं तर सांधा आधी वाचता आला पाहिजे, आणि बोर्ड आखण्यातले खरे श्रम इथेच आहेत. रेघा ओढणं हा त्यातला सोपा भाग. नऊ पिनांचं जॉयस्टिकचं तोंड घ्या. १९७७ च्या अटारी २६०० वर ते आलं, कमोडोरने घेतलं, अमिगाने घेतलं, सेगाने मेगा ड्राइव्हलाही दिलं. दिसायला सगळीकडे तेच. पण अटारीच्या पद्धतीत पाच व्होल्ट सातव्या पिनेवर असतात, आणि मेगा ड्राइव्हमध्ये पाचव्यावर. प्लग बिनबोभाट बसतो, आणि म्हणूनच धोका. मेगा ड्राइव्हच्या पॅडमध्ये एक चिप असते. तिला चुकीच्या पिनेवर वीज मिळाली तर ती जुन्या यंत्राच्या महागड्या, आता कुठेच न बनणाऱ्या चिपवर ताण टाकते. चार डायोड आणि दोन तोंडं असलेला नखाएवढा बोर्ड हा प्रश्न कायमचा सोडवतो. त्यात दाखवण्यासारखी कारागिरी काही नाही, पण माझ्या मते या छंदातल्या सगळ्यात उपयोगी बोर्डांमध्ये त्याची गणना व्हावी.

गेम बॉयची कॅसेट हे याहून भरघोस उदाहरण, म्हणून तिथे जरा थांबतो. तिच्या कडेला बत्तीस पिना असतात. पहिलीवर पाच व्होल्ट, बत्तिसावीवर ग्राउंड, सहा ते एकवीस या पत्त्याच्या सोळा रेघा, बावीस ते एकोणतीस माहितीच्या आठ. उरलेल्यांत लिहिण्याची, वाचण्याची, निवडीची, घड्याळाची, रीसेटची आणि चक्क बाहेरून आवाज आत देण्याचीही एक रेघ आहे. प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला सुमारे ४१ लाख ९४ हजार ठोके देतं आणि स्मृतीची एक फेरी चार ठोक्यांची, म्हणजे जवळजवळ एक मायक्रोसेकंदाची. आजच्या संगणकाच्या मानाने ही कासवाची चाल आहे. म्हणून सगळे ट्रॅक एकाच लांबीचे करण्याची धडपड इथे लागत नाही, दोन पदरांत सगळं बसतं आणि नवशिक्याची पहिली चूक बहुधा माफ होते. बोर्ड आखायला शिकायचं असेल तर जुनी खेळयंत्रं ही उत्तम शाळा आहेत असं मी म्हणतो ते याच कारणाने. एक सावधगिरी मात्र हवी. यंत्र संथ असलं तरी आपण लावतो त्या आजच्या चिप संथ नसतात. त्यांचा सिग्नल एका झटक्यात वर जातो आणि लांब ट्रॅकवर त्याचे पडसाद उमटतात. म्हणून प्रत्येक चिपच्या वीजपिनेला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि खाली अखंड ग्राउंड, हे इथेही चुकवून चालत नाही.

आता या बत्तीस पिनांवर पाच व्होल्टवर चालणारी फ्लॅश चिप बसवायची आहे असं धरू. नवशिक्या विचार करतो की खेळ फक्त वाचायचा आहे, मग चिपची ‘बाहेर दे’ ही पिन सरळ ग्राउंडला जोडून टाकू, एक ट्रॅक वाचेल. कागदावर यात काही वावगं दिसत नाही. पण गेम बॉयला कॅसेटमधला खेळ एका वेळी ३२ किलोबाइटच दिसतो. त्याहून मोठा खेळ बँकांमध्ये वाटलेला असतो, आणि बँक बदलण्यासाठी प्रोसेसर ज्या पत्त्यांवरून फक्त वाचायचं त्याच पत्त्यांवर लिहितो. ते लिहिणं खेळाच्या चिपसाठी नसतं, शेजारच्या बँक बदलणाऱ्या चिपसाठी असतं. त्या क्षणी फ्लॅशची पिन ग्राउंडला बांधलेली असेल तर माहितीच्या आठ रेघांवर प्रोसेसर एक बोलतो आणि फ्लॅश दुसरंच. दोघांची ओढाताण होते, बँक भलतीच निवडली जाते आणि पडद्यावर कचरा उमटतो. यातली खरी मेख चाचणीत आहे. ‘टेट्रिस’ ३२ किलोबाइटमध्ये मावतो, त्याला बँका लागतच नाहीत. तो झकास चालतो आणि आखणारा समजतो की बोर्ड जमला. किकॅडची नियमतपासणीही हिरवा कंदील दाखवते, कारण दोन ट्रॅकमध्ये अंतर किती हे तिला कळतं, लिहिण्याच्या वेळी कोण बोलतंय हे नाही. वाचण्याची रेघ त्या पिनेपर्यंत न्यावी लागते. एवढ्या एका ट्रॅकसाठी यंत्राची भाषा शिकावी लागते.

खेळ जपून ठेवण्याच्या सेलचीही गोष्ट अशीच. नाण्यासारखा लिथियम सेल बंद यंत्रातही छोट्या स्मृतीला जागं ठेवतो. तो संपला की वर्षांपूर्वीची सगळी कमाई पुसली जाते. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’च्या कॅसेटमध्ये तर ३२.७६८ किलोहर्ट्‌झच्या स्फटिकावर घड्याळही चालतं, त्यामुळे सेल लवकर उतरतो. यावर आज फेरोइलेक्ट्रिक स्मृती वापरतात. तिला सेल लागत नाही आणि ती पाच व्होल्टवर चालते. म्हणून कित्येक आराखड्यांतून सेल आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं काढून टाकलेलं दिसतं. त्या ‘सगळ्या’त व्होल्टेजवर पहारा देणारी एक छोटी चिपही जाते, आणि तिचं काम सेलपुरतं नव्हतं. यंत्र बंद करताना व्होल्टेज उतरत असतं तेव्हा प्रोसेसरच्या रेघा क्षणभर वाऱ्यावर असतात, आणि त्या क्षणी स्मृतीचं दार ती चिप लावून घ्यायची. सेलबरोबर पहारेकरीही काढला तर नव्या कॅसेटमधला खेळ कधीतरी, कारण न कळता, बिघडतो. दुसरी खोच अशी की ही स्मृती निवडीची रेघ खाली जाताना पत्ता टिपते. ती रेघ कायम खालीच धरली तर पुढचा पत्ता तिला कळतच नाही. साध्या स्मृतीला हे चालायचं. पिनांची मांडणी जुळते म्हणून वागणूकही जुळेल असं धरून चालता येत नाही, हे डेटाशीटच्या वेळेच्या आकृत्या पाहूनच कळतं. त्या पानांकडे मात्र बहुतेक जण सगळ्यात शेवटी वळतात.

आणखी एक गोष्ट चित्रात दिसत नाही, बोर्डाची कड. कारखान्याला काही सांगितलं नाही तर बोर्ड १.६ मिलिमीटर जाड येतो. गेम बॉयचा मूळ बोर्ड त्याहून बराच पातळ असतो. जाड बोर्ड रेटून बसवला तर खाचातल्या स्प्रिंगच्या पट्ट्या फाकतात, आणि मग मूळ कॅसेटच सैल बसायला लागतात. नुकसान नव्या बोर्डाचं होत नाही, जुन्या यंत्राचं होतं, आणि तो खाचा मूळ कंपनी आता बनवत नाही. कडेला तिरकी धार दिली नाही तरी तेच. मुलाम्याचंही तसंच. स्वस्तात मिळणारा टिनचा थर उंचसखल असतो आणि घासला जातो. रासायनिक पद्धतीने दिलेलं सोनं साधारण ०.०५ मायक्रॉन, तर कडेच्या पिनांसाठी वापरतात ते कठीण सोनं ०.७५ मायक्रॉनच्या पुढे. वर्षातून दहादा बसवायच्या कॅसेटला पहिलं पुरेल. रोज काढघाल असेल तर दुसऱ्याचे जास्तीचे पैसे मोजावेत. आखणी संपल्यावर कागदावर मूळ मापात छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, कॅसेटच्या डब्यात बसवून पाहावी. पहिली पिन डावीकडे की उजवीकडे ही चूक संगणकाच्या पडद्यावर पंधरा दिवस दिसत नाही. हातात धरलेल्या पुठ्ठ्यावर पंधरा सेकंदांत दिसते.

वीजपुरवठ्याच्या बोर्डांबाबत मी जास्त कडक आहे, कारण तिथे चुकीची किंमत पडद्यावरच्या कचऱ्यापुरती राहत नाही. हल्ली जुन्या यंत्रांना यूएसबी-सी तोंड देण्याची लाट आहे. हे तोंड नीट चालायला त्याच्या दोन वेगवेगळ्या पिनांवर ५.१ किलोओहमचा प्रत्येकी एक रेझिस्टर हवा. तो विसरला तर जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरच्या केबलवर सगळं चालतं आणि दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर काहीच होत नाही. दोघांत मिळून एकच रेझिस्टर लावला तर काही केबलींवर चार्जर यंत्राला भलतंच काहीतरी समजतो. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात नेमकी हीच चूक होती. ती जाहीरपणे मान्य झाली आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झाली. कसलेल्या इंजिनिअरांच्या हातून सुटलेली गोष्ट नवशिक्याच्या हातून सुटेल यात नवल नाही. लिथियम बॅटरीचं गणित याहून नाजूक. टीपी४०५६ या चार्जिंग चिपसोबत १.२ किलोओहमचा रेझिस्टर असला तर ती एक अँपिअर देते, आणि बाजारातले तयार तुकडे बहुधा तसेच येतात. ते पाचशे मिलिअँपिअर-तासाच्या चिमुकल्या बॅटरीला जोडले तर ती सोसते त्याच्या दुप्पट वेगाने भरली जाते. मुलांच्या हातात जाणाऱ्या बंद प्लास्टिकच्या डब्यात हे होता कामा नये. ज्याला हा हिशेब करायचा नाही त्याने पेन्सिल सेलांवरच राहावं, त्यात कमीपणा काही नाही.

इथे कुणी विचारेल की एवढा सगळा उपद्व्याप कशासाठी? मोबाइलवर एमुलेटर फुकट मिळतो, खेळ तोच दिसतो. हा आक्षेप हलका नाही. खेळ एवढाच हेतू असेल तर एमुलेटर पुरेसा आहे, आणि माझ्या मते बहुतेकांनी तोच वापरावा. पण एमुलेटर अचूक झाले ते कुणीतरी खऱ्या यंत्राच्या पिनांवर उपकरणं लावून मोजमाप केलं म्हणून, आणि ते मोजमाप कॅसेटच्या खाचात बसणाऱ्या छोट्या बोर्डांवरूनही होतं. यंत्रं मेली तर एमुलेटर बरोबर आहे की चूक हे ठरवायला साक्षीदार उरणार नाही. याहून दमदार आक्षेप एफपीजीएवाल्यांचा, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपा वापरणाऱ्यांचा. २०१७ पासून चाललेल्या मिस्टर प्रकल्पात अशा एकाच चिपमध्ये जुन्या यंत्राची जडणघडण उभी करतात, आणि ती विलक्षण अचूक असते. पण हा मिस्टर ज्या तयार डीई१०-नॅनो बोर्डावर चालतो त्यावरची स्मृती जुन्या यंत्रांच्या वेळेशी जुळवून घेत नाही, म्हणून बहुतेक खेळयंत्रांसाठी स्मृतीचा एक छोटा जोडबोर्ड लावावा लागतो, आणि तो हौशी लोकांनीच आखलेला आहे. जुन्याला पर्याय म्हणून आलेली वाटही शेवटी सांध्यावरच्या एका बोर्डावरूनच जाते.

उलट टोकाचा आक्षेप संग्राहकांचा. यंत्राला हातच लावू नका, जसं आहे तसं कपाटात ठेवा. मला त्यांच्या आस्थेबद्दल आदर आहे, आणि पडद्यासाठी प्लास्टिकचं कवच कापणाऱ्यांवरचा त्यांचा राग रास्तही आहे. पण ‘जसं आहे तसं’ अशी अवस्था या यंत्रांना नसते. सेगाच्या १९९० च्या गेम गियरमध्ये पृष्ठभागावर चिकटवायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर होते. त्यांची बुडं झिरपतात, आतला द्रव बोर्डावर पसरतो आणि तांबं खात राहतो. आधी आवाज बारीक होतो, मग पडदा फिका पडतो, मग यंत्र उठतच नाही. हे कपाटातही चालू असतं. अमिगाच्या काही आवृत्त्यांमधल्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांनी असेच कित्येक बोर्ड खाल्लेत, आणि २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये घड्याळासाठीचा एक कपॅसिटर तेच करतो. तेव्हा काहीही न करणं हाही एक निर्णयच, आणि त्याला परतीची वाट मुळीच नाही. गेम गियरमध्ये आवाजाचा आणि विजेचा बोर्ड मुख्य बोर्डापासून सुटा ठेवलेला आहे. त्यांच्या जागी नवे बोर्ड बसवून जुने पिशवीत घालून यंत्राबरोबरच ठेवता येतात. मुख्य बोर्डावरचे कपॅसिटर मात्र एकेक करून काढावे लागतात. तिथे सांधा नाही, आणि तिथे नवा बोर्ड आखण्याचा मोह टाळलेला बरा.

चोरीचा मुद्दा बाजूला सारून चालणार नाही. लिहिता येणारी कॅसेट म्हणजे नकललेले खेळ, असं समीकरण आहे आणि ते पूर्ण खोटं नाही. तरी कायद्याने इथे बऱ्यापैकी स्पष्ट रेघ ओढलेली आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत सेगा विरुद्ध अ‍ॅकोलेड या खटल्यात, आपला खेळ दुसऱ्याच्या यंत्रावर चालावा एवढ्यासाठी त्या यंत्राच्या खेळांचा कोड उकलून पाहणं न्याय्य वापरात बसतं असा निकाल झाला. त्याच वर्षी अटारी गेम्स निन्टेन्डोविरुद्ध हरली, कारण कुलपाच्या चिपमधला प्रोग्रॅम तिने कॉपीराइट कार्यालयाकडून खोटं कारण सांगून मिळवला होता. सांधा समजून घेणं एक, आतला माल उचलणं दुसरं. आणि हल्ली बोर्ड आखणाऱ्यांकडे सांगण्यासारखं तिसरंही काही आहे. जीबी स्टुडिओसारख्या साधनांमुळे गेम बॉयसाठी नवे खेळ लिहिले जातात. ज्याने खेळ स्वतः लिहिलाय त्याला तो खऱ्या यंत्रात चालवायला रिकामी कॅसेट लागते, आणि ती दुसरी कुठून येणार?

या सगळ्याचा आपल्याकडच्या एका आठवणीशी खरा संबंध आहे. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात ज्यांनी व्हिडिओ गेम खेळला त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हातात निन्टेन्डोचं यंत्र कधी आलंच नाही. आले ते फॅमिकॉमच्या नकला असलेले स्वस्त डबे आणि ‘एकात चौसष्ट’ छापाच्या कॅसेट. चालली नाही की कॅसेटमध्ये फुंकर मारायची हा सार्वत्रिक उपाय. फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात म्हणून निन्टेन्डो स्वतः तसं करू नका असंच सांगत असे. ती कॅसेट उघडली तर आत चिप दिसायचीच नाही, दिसायचा काळ्या डांबरासारखा इपॉक्सीचा ठिपका. चिप नुसती बोर्डावर ठेवून वरून झाकलेली. तोही छोटा, स्वस्त, मुद्दाम आखलेला बोर्डच होता आणि त्याने लाखो घरांत खेळ पोचवला, हे त्याचं ऋण मान्य करायलाच हवं. पण त्या ठिपक्याखाली काय आहे हे कुठेही लिहिलेलं नाही, त्यामुळे मेलेली कॅसेट कुणालाच उठवता येत नाही. याच्या उलट स्पेक्ट्रमचं पाहा. १९८२ च्या या ब्रिटिश संगणकाची स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन भारतात विकली होती. त्याचा जीव फेरांटी कंपनीने बनवलेल्या एका खास चिपमध्ये होता, आणि ती चिप गेली की सगळं संपायचं. ख्रिस स्मिथ यांनी ती चिप आतून उलगडून २०१० मध्ये तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं आणि हार्लेक्विन नावाच्या आराखड्यात तीच चिप बाजारात मिळणाऱ्या साध्या चिपांमधून उभी केली. आज कुणीही तो बोर्ड करून घेऊ शकतो. दोन्ही यंत्रं साधारण एकाच पिढीची. एक झाकलेलं राहिलं, दुसरं उघडलं गेलं.

म्हणून परतीच्या वाटेचा अर्थ मी स्क्रूपुरता घेत नाही. आराखडा उघडा ठेवणं हाही त्याचाच भाग. त्यातही एक बारकावा आहे. कारखान्याला जाते ती गर्बर फाइल फक्त तांबं कुठे आणि भोक कुठे एवढंच सांगते. अमुक रेझिस्टर का आहे, त्याच्या जागी दुसरा चालेल का, हे तिच्यात नसतं. ती देणं म्हणजे शिवलेला सदरा देणं, बेतलेलं माप न देणं. पुढच्याला बाही लांब करायची असेल तर सदरा उसवावाच लागतो. मूळ आकृती द्यायला हवी, आणि उद्याही उघडेल अशा रूपात. हजारो हौशी आराखडे ईगल या व्यावसायिक प्रणालीत आहेत, आणि ती विकणाऱ्या ऑटोडेस्कने २०२३ मध्येच जाहीर केलं की जून २०२६ नंतर ती बंद होणार. किकॅड त्या फाइली वाचू शकते म्हणून बरं, पण वेळेत रूपांतर न झालेल्या फाइलींची जबाबदारी कुणावरच नाही. सर्नने उघड्या हार्डवेअरसाठी लिहिलेला परवाना २०११ पासून उपलब्ध आहे, तोच आराखड्यासोबत जोडला तर पुढच्या माणसाला काय करता येईल हे विचारत बसावं लागत नाही.

आणि जिथे फाइल पोचत नाही तिथे खुद्द बोर्ड पोचतो. तीस वर्षांनी कुणीतरी हा डबा उघडेल तेव्हा त्याच्याजवळ इंटरनेटवरचा दुवा असेलच असं नाही, हातात बोर्ड असेल. हिरव्या थरावरच्या पांढऱ्या अक्षरांसाठी कारखाना वेगळे पैसे घेत नाही, आणि चिपांच्या मधे रिकामी जागा भरपूर असते. पहिली पिन कुठली, व्होल्टेज किती, कुठल्या मूळ बोर्डाच्या जागी हा बसतो, मूळ पडद्याला चालतो की नाही, आवृत्ती कोणती आणि साल कोणतं, एवढं तिथे मिलिमीटरभर उंचीच्या अक्षरांत मावतं. गेम बॉयच्या त्या विजेच्या बोर्डावरही ‘५ व्होल्ट’च्या शेजारी ‘उणे १९’ किंवा ‘मूळ पडद्यासाठी नाही’ हे शब्द सहज बसतात.